पाहणाऱ्याचे गिऱ्हाईक व्हावे म्हणून : विणकराचे संकेतस्थळ

हातमागाची साडी घेण्यासाठी दुकानात आलेली बाई प्रथम किंमत विचारीत नाही. ती साडीची एक घडी उलगडते, काठाजवळचे कापड अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून चोळते, ते उजेडाकडे नेते आणि मग, बहुधा नकळतच, उलटे करून पाहते. यानंतर तिचे प्रश्न सुरू होतात. रंग जाईल काय? ही खरोखर हातमागाचीच आहे ना? कोठली आहे? शेवटची किंमत काय? घरी नेल्यावर पसंत पडली नाही तर परत घ्याल काय? दुकानदार मुरलेला असेल तर यांपैकी निम्म्या प्रश्नांची उत्तरे तो ते विचारले जाण्यापूर्वीच देऊन मोकळा होतो.

तीच बाई जेव्हा मोबाइलच्या पडद्यावर साडी पाहते, तेव्हा तिचे प्रश्नही तेच असतात. मात्र तिचा हात कापडापर्यंत पोहोचत नाही आणि तिचा प्रश्न ऐकायला गादीवर कोणी बसलेले नसते. उत्तर मिळाले नाही तर ती हुज्जत घालीत नाही, निघून जाते. ती येऊन गेली, हे विक्रेत्याला कळतही नाही. छोट्या व्यवसायाचे संकेतस्थळ कसे रचावे, या विषयावर सांगण्यासारखे जे आहे ते बहुतेक सारे येथूनच निघते. न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाच्या शंका ओळखणे आणि त्या ज्या क्रमाने उद्भवतात त्याच क्रमाने त्यांची उत्तरे मांडणे, हेच पान रचणाऱ्याचे काम होय. प्रस्तुत प्रकरणात हे काम पोचमपल्लीच्या विणकराचे उदाहरण घेऊन समजावून दिले आहे.

भूदान पोचमपल्ली हे गाव तेलंगणातील यादाद्री भुवनगिरी जिल्ह्यात, हैदराबादपासून पन्नासेक किलोमीटरच्या आत आहे. १९५१ साली विनोबा भावे यांना येथे पहिले भूदान मिळाले, म्हणून गावाच्या नावामागे ‘भूदान’ हा शब्द लागला. गावाची दुसरी ख्याती इकत कापडाची. या कापडाला २००४-०५ या वर्षी भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली आणि २०२१ साली संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने उत्कृष्ट पर्यटन ग्रामांत या गावाची निवड केली. म्हणजे नावलौकिकाची उणीव नाही. उणीव आहे ती वेगळीच. इकतच्या आकृत्या कोणत्याही कापडावर छापता येतात, आणि छापील साडी खऱ्या साडीच्या अगदी थोड्या किमतीत विकली जाते. पडद्यावर तीन इंची चित्रात दोन्ही साड्या सारख्याच दिसतात. एकीची किंमत दुसरीच्या कित्येक पट का, हे पानाने सांगितले नाही, तर पाहणारीने स्वस्त साडी घ्यावी यात तिचा दोष कोणता? विणकराचा माल येथे वाणात कमी पडत नाही. तो कमी पडतो मुकेपणामुळे.

हा मुकेपणा घालविण्याचा सर्वांत सोपा उपाय दुकानातील त्या बाईनेच दाखवून दिलेला आहे. साडीची उलटी बाजू दाखवावी.

इकतमध्ये आकृती कापडावर उमटविलेली नसते. ती सुतातच असते. विणण्यापूर्वी सुताच्या लडी मोजून ताणतात, आकृतीनुसार जेथे रंग लागू द्यायचा नाही तेथे त्या घट्ट बांधतात, आणि मग रंगात बुडवितात. बांधलेला भाग कोरा राहतो. दुसरा रंग हवा असेल तर काही गाठी सोडून, काही नव्या बांधून पुन्हा बुडवितात. असे सूत मागावर चढविल्यावर धागा धाग्याशेजारी बसत जातो आणि आकृती आपोआप प्रकट होते. धागा आरपार रंगलेला असल्यामुळे ती कापडाच्या दोन्ही अंगांना सारखीच दिसते. छापील कापडाची उलटी बाजू बहुधा फिकट असते. शिवाय इकतमध्ये रंगाच्या कडा रेघ मारल्यासारख्या तुटक नसतात. शेजारचे धागे केसभर मागेपुढे सरकलेले असतात, म्हणून कडेला पिसासारखी एक नाजूक पुसटता येते. अजाण गिऱ्हाइकाला ती विणीतली चूक वाटण्याचा संभव असतो. तीच खरेपणाची खूण आहे, हे शेजारी दोन ओळींत लिहिले म्हणजे दोषाचा गुण होतो.

याकरिता प्रत्येक साडीची निदान चार छायाचित्रे हवीत : संपूर्ण साडी, पदर, काठाचा अगदी जवळून घेतलेला भाग, आणि एक कोपरा दुमडून सुलटी व उलटी बाजू शेजारी शेजारी दाखविणारे चित्र. ती सावलीत परंतु दिवसाच्या उजेडात घ्यावीत. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात निळा रंग काळपट आणि पांढरा रंग मळकट दिसतो. मग घरी पोहोचलेली साडी ‘चित्रातली नव्हे’ अशी तक्रार येते. एवढे करूनही प्रत्येक पडद्यावर रंग थोडा निराळा दिसतोच. तेव्हा रंगाचे नाव साध्या भाषेत द्यावे. ‘सांजरंग’ किंवा ‘मयूरस्वप्न’ यांसारख्या काव्यमय नावांपेक्षा ‘गर्द वांगी’ किंवा ‘मोरपिशी, हिरव्याकडे झुकणारा’ हे वर्णन गिऱ्हाइकाच्या अधिक उपयोगी पडते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. उलटी बाजू सारखी असली म्हणजे कापड छापील नाही, एवढेच बहुतांशी सिद्ध होते. बांधून रंगविलेले सूत यंत्रमागावरही विणता येते. साडी हातमागाचीच आहे, हे सांगण्यासाठी २००६ साली सुरू झालेले हातमाग चिन्ह आहे. ते मिळविलेले असेल तर त्याच्या लेबलाचे चित्र द्यावे, नसेल तर ते असल्याचा भास निर्माण करू नये. पुराव्यापलीकडचा दावा केला की पुरावाही संशयास्पद ठरतो.

पुराव्याच्या जोडीला श्रमाची हकीकत येते. पुष्कळशी संकेतस्थळे येथेच घसरतात. ‘शतकांची परंपरा’, ‘अप्रतिम कलाकुसर’, ‘कुशल कारागिरांनी घडविलेले’ असे शब्द इतक्या ठिकाणी आढळतात की त्यांवरून डोळा नुसता घसरून जातो. छापील साडी विकणाराही हेच शब्द वापरू शकतो, आणि वापरतोही. जो तपशील खोटा माल विकणाऱ्याला देता येणार नाही, तोच तपशील उपयोगाचा. उदाहरणार्थ, बाण्याचे सूत बांधण्यापूर्वी त्याची ‘आसू’ करावी लागते. अर्धवर्तुळात बसविलेल्या खुंट्यांवरून सुताचा एकेक फेर हाताने द्यायचा असतो. त्यासाठी हात सुमारे मीटरभर अंतर खालीवर न्यावा लागतो, आणि एका साडीला अशा सुमारे ९,००० फेऱ्या होतात. हे काम बहुधा घरातील स्त्रिया करीत. आईच्या खांद्याच्या वेदना पाहून चिंतकिंदी मल्लेशम या विणकराच्या मुलाने या कामासाठी यंत्र तयार करण्याचा ध्यास घेतला आणि १९९९ साली ते सिद्धीस नेले. यंत्राला त्याने आईचे, लक्ष्मीचे, नाव दिले. २०१७ साली त्याला पद्मश्री हा किताब मिळाला. यंत्राने आसूचे कष्ट वाचले, तरी बांधणे, रंगविणे आणि विणणे हाताचेच राहिले. एवढी हकीकत सात-आठ ओळींत सांगता येते. ती वाचल्यावर गिऱ्हाइकाला साडीची किंमत वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

आता पानाच्या आरंभाकडे वळू. क्रमाने हा भाग पहिला असला, तरी त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. पडद्याच्या वरच्या भागात, बोट न सरकविता, तीन गोष्टी दिसाव्यात : येथे काय मिळते, ते कोठले आहे, आणि पुढे जाण्यासाठी कोठे बोट ठेवावे. ‘पोचमपल्लीच्या हातमागावरील रेशमी व सुती इकत साड्या, थेट विणकरांकडून’ हे वाक्य ‘आपले सहर्ष स्वागत असो’ या वाक्यापेक्षा शतपटीने बरे. आपोआप सरकणारी चित्रे आणि वाजू लागणारे संगीत टाळावे. रात्री शेजारी मूल निजले असताना मोबाइल पाहणारी बाई संगीत सुरू होताच पान बंद करते. मोबाइलने काढलेले एक छायाचित्र सहज ३ ते ५ मेगाबाइटचे असते. अशी वीस चित्रे एका पानावर जशीच्या तशी चढविली तर साठ ते शंभर मेगाबाइटचा भार होतो, आणि ज्या गावात जोडणी मंद आहे तेथे पान उघडण्यापूर्वीच गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. तीच चित्रे प्रत्येकी दोनशे किलोबाइटच्या आत आणली तर डोळ्याला फरक जाणवत नाही. फक्त जवळून पाहण्याचे चित्र मोठे ठेवावे आणि ते मागितल्यावरच उघडावे.

किमतीच्या बाबतीत मात्र थांबून विचार करणे प्राप्त आहे. ‘किमतीसाठी संपर्क साधा’ असे लिहिण्याची पद्धत पुष्कळ कारागिरांमध्ये आढळते. आकडा पाहूनच गिऱ्हाईक बिचकेल, अशी त्यामागची भीती. वस्तुतः किंमत लपविली की पाहणारा ती आपल्या ऐपतीबाहेरचीच असणार असे धरून चालतो. दुसरी, अधिक महागात पडणारी चूक म्हणजे साडीची किंमत आधी दाखवून टपालखर्च आणि इतर आकार अगदी शेवटी, पैसे भरण्याच्या क्षणी, पुढे करणे. डेन्मार्कमधील बेमार्ड ही संशोधनसंस्था अनेक वर्षे खरेदीच्या पानांचा अभ्यास करीत आली आहे. निरनिराळ्या पाहण्यांची तिने काढलेली सरासरी सांगते, की इंटरनेटवर टोपलीत माल भरणाऱ्या दहांपैकी सुमारे सात जण तो न घेताच निघून जातात. त्यांतील कित्येक जण नुसते पाहायला आलेले असतात. पण जे घेण्याच्या विचारात होते, त्यांनी सांगितलेल्या कारणांत शेवटी वाढलेला खर्च हे कारण अग्रभागी असते. रक्कम थोडी असली तरी फसविले गेल्याची भावना थोडी नसते. यास्तव साडीच्या किमतीखालीच ‘कर व टपालखर्च धरून’ असे लिहून एकच आकडा द्यावा, हे उत्तम.

हिशेबाने पाहिले तरी हेच पटते. समजा, महिन्याला १,००० जण पान पाहतात आणि त्यांतील १० जण साडी घेतात. विक्री दुप्पट करायची तर जाहिरातीवर खर्च करून आणखी १,००० जण आणावे लागतील. किंवा आहेत त्यांतीलच आणखी १० जणांची शंका फेडावी लागेल. पहिल्या मार्गाला दरमहा पैसे लागतात. दुसऱ्याला एकदाच श्रम लागतात. असे असूनही छोटा व्यावसायिक पहिल्याच मार्गाकडे धावतो, कारण जाहिरात विकणारा त्याच्या दारी येतो; शंका फेडण्याचा सल्ला देणारा कोणी येत नाही.

शंकांमध्ये सर्वांत खोल शंका ‘हा माणूस खरोखर आहे काय?’ ही होय. तिचे उत्तर कायद्यानेही द्यावेच लागते. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांनुसार इंटरनेटवर विक्री करणाऱ्या संस्थेने आपले अधिकृत नाव, कार्यालयाचा पत्ता, संपर्काची साधने आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव ठळकपणे द्यावयाचे असते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत करावयाचे असते. पुष्कळ विणकर हा सरकारी जाच समजून तो मजकूर पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ढकलतात. वास्तविक ज्याचे घर, माग आणि गाव ठाऊक आहे असा माणूस हीच छोट्या विक्रेत्याची मोठ्या बाजारपेठांपुढची जमेची बाजू आहे. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या विणकराचे, त्याच्या संमतीने घेतलेले साधे छायाचित्र आणि दूरध्वनीचा क्रमांक, तोही कोणत्या वेळेत उचलला जाईल हे सांगून, साडीच्या किमतीच्या आसपासच असावा. महाग वस्तू घेण्यापूर्वी एकदा कोणाशी तरी बोलावे, असे आपल्या देशातील गिऱ्हाइकाला अजूनही वाटते. पैसे यूपीआयने एका क्षणात देता येतात. मन मात्र क्षणात तयार होत नाही.

मन तयार होण्याची वाट न पाहता त्याला ढकलण्याच्या युक्त्याही बाजारात पुष्कळ आहेत. उलटी मोजणी करणारे घड्याळ, ‘आत्ता २३ जण ही साडी पाहत आहेत’ अशी पाटी, टोपलीत न मागता घातलेली वस्तू, नकार देणाऱ्याला लाजविणारे बटण. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रचनांची नावे देऊन त्यांना मनाई केली. खोटी निकड निर्माण करणे ही त्यांपैकी एक. हातमागाच्या बाबतीत येथे एक मौजेचा पेच उद्भवतो. ‘एकच नग शिल्लक’ हे वाक्य इतरत्र बहुधा खोटे असते. इकतच्या बाबतीत मात्र ते पुष्कळदा अक्षरशः खरे असते, कारण बांधून रंगविलेल्या एका ताण्यावर मोजक्याच साड्या निघतात आणि पुढच्या खेपेस रंग तंतोतंत तोच येईल असे नाही. परंतु खोटे बोलणाऱ्यांनी हे वाक्य इतके झिजविले आहे की खऱ्यालाही ते वापरणे अवघड झाले आहे. उपाय एकच : कारण द्यावे. ‘या ताण्यावर सहा साड्या विणल्या, त्यांतील ही शेवटची’ असे लिहिले म्हणजे ती माहिती होते, दडपण राहत नाही. मग ती साडी विकली गेल्यावर त्याच दिवशी पानावरून काढलीही पाहिजे. दुसऱ्या आठवड्यात तीच ‘शेवटची’ साडी पुन्हा दिसली की गिऱ्हाईक कायमचे गेले.

साडी परत घेण्याचा प्रश्न विणकराला सर्वाधिक भेडसावतो. एक साडी परत आली की येण्याजाण्याचा टपालखर्च अंगावर पडतो, आणि घडी मोडलेली साडी पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही. म्हणून ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही दुकानातील जुनी पाटी संकेतस्थळावरही येऊन बसते. दुकानात ती चालून जाते, कारण तेथे गिऱ्हाइकाने साडी हाताळलेली असते. न हाताळता पैसे देणाऱ्याला तीच पाटी दाखविणे म्हणजे सारा धोका त्याच्या माथी मारणे होय. पाठविलेला माल सदोष किंवा वर्णनाहून निराळा असेल तर तो परत घेण्यास वरील नियमांनुसार नकार देता येत नाही. केवळ पसंत न पडल्यामुळे परत घ्यावे की नाही, हे ज्याने त्याने आपली ऐपत पाहून ठरवावे. ठरेल ते, मुदत आणि टपालखर्च कोणाचा यांसह, खरेदीच्या बटणाजवळ स्पष्ट लिहावे. सात दिवसांची मुदत देणाऱ्या विणकराला काही साड्या परत येतील, हे खरे. परंतु परत न घेणाऱ्याकडून किती जणींनी साडी घेतलीच नाही, हा आकडा त्याच्या वहीत कधीच चढत नाही.

पान तयार झाल्यावर ते रचणाऱ्यालाच सर्वांत कमी समजते. कोठे काय आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली असे प्रतिपादन केले, की पाच माणसांना पान वापरावयास देऊन नुसते निरीक्षण केले तरी बहुतेक दोष उघडकीस येतात. विणकराला हे बिनखर्चात करता येते. गावाबाहेरच्या, साडी नेसणाऱ्या पण इकत न जाणणाऱ्या पाच जणी निवडाव्यात. प्रत्येकीच्या हाती मोबाइल देऊन ‘बहिणीच्या लग्नासाठी एक साडी पसंत करा आणि पैसे भरण्यापर्यंत जा’ एवढेच सांगावे, आणि गप्प बसावे. गप्प बसणे कठीण असते. तिचे बोट चुकीच्या जागी फिरत असताना ‘अहो, खाली आहे ते’ असे शब्द अगदी ओठांवर येतात. परंतु खऱ्या गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून असे सांगायला कोणी नसते. बोट जेथे अडले ती जागा टिपून घ्यावी. पाचांपैकी तिघी एकाच जागी अडल्या तर दोष त्यांचा नव्हे.

पानावर किती जण आले, कोठपर्यंत पोहोचले आणि कोठून परतले, हे मोजण्याची साधने आज सहज मिळतात. पहिल्याच पानावरून बहुतेक जण परतत असतील तर चित्रांचा भार आणि वरचे वाक्य तपासावे. साडी पाहून परतत असतील तर पुरावा आणि किंमत. पैसे भरण्याच्या पायरीवरून परतत असतील तर शेवटी वाढणारा खर्च. परंतु ज्या पानाला दिवसाला तीस-चाळीस जणच भेट देतात, त्याच्या आकड्यांतून फार सूक्ष्म अनुमाने काढू नयेत. तेथे दूरध्वनीजवळ ठेवलेली साधी वही अधिक कामाची. ज्याने कोणी दूरध्वनी केला त्याचा पहिला प्रश्न त्याच्याच शब्दांत तीत उतरून घ्यावा. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला, की त्याचे उत्तर पानावर नाही किंवा सापडत नाही, असे समजावे. साडीबाबत असा वारंवार येणारा प्रश्न बहुधा अगदी साधा असतो : चोळीचे कापड साडीतच आहे की वेगळे? किमतीखाली ‘लांबी ५.५ मीटर, शिवाय ०.८ मीटर चोळीचे कापड’ एवढी एक ओळ घालावी, आणि पुढच्या महिन्यात वही पुन्हा चाळावी.